रिकाम्या गावातला उंबरा

आमच्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सगळेच तसं म्हणत होते, मीही म्हणू लागले. आत्यांनी ऐंशी ओलांडली आहे. कोल्हापुरात येऊन त्यांना साठ वर्षं झाली, पण माहेर देवगडच्या खालच्या अंगाला, खाडीच्या तोंडाशी. घाटावर राहूनही मासा हातात घेतला की त्यांचा चेहरा पालटतो. गेल्या मार्गशीर्षात एका दुपारी बांगडे साफ करता करता त्या म्हणाल्या, "शालू शिमगा झाला की मुंबईला चालली पोराकडे. घराला कुलूप लागेल. त्याआधी मला एकदा नेऊन उंबऱ्यावर बसवा. तिथनं समुद्र दिसतो."

शालूमावशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. माहेरच्या घरात आता ती एकटीच राहते.

आत्या स्वतःसाठी काही मागत नाहीत. इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून "मला" हा शब्द क्वचितच ऐकला असेल. त्यामुळे मी हातातलं काम टाकून विलासरावांकडे पाहिलं. (हे माझे यजमान. निवृत्त झाल्यापासून घरात त्यांना रावपद मिळालं आहे.) त्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता निकाल दिला, "चला की! गाडी हाय, रस्ता हाय, मी हाय. अजून काय पायजे?"

अडचण एकच होती. येत्या रविवारी पेठ वडगावला त्यांच्या मित्राच्या मुलीचं लग्न होतं आणि ती सोयरीक जमवली होती खुद्द विलासरावांनी. मध्यस्थ लग्नाला नसला तर दोन्हीकडची माणसं आयुष्यभर बोलून दाखवतात. तेव्हा गुरुवारी सकाळी निघायचं, एक मुक्काम विजयदुर्गला, एक शालूमावशीकडे आणि शनिवारी परत, असं ठरलं. मावशीच्या शेजारच्या दुकानात फोन आहे. बुधवारी दिवसभर तो नुसता वाजत राहिला, कुणी उचलला नाही. "कोकणातला फोन," विलासराव म्हणाले, "सुरू असता तरच नवल. जाऊन उभं ऱ्हाऊया की दारात, म्हातारी खूश हुईल."

कोल्हापूरकरांचा आत्मविश्वास मोठा गोड असतो. पुढे त्यानंच आम्हाला गोत्यात आणलं, आणि त्याबद्दल मी आजही त्याची आभारी आहे.

गुरुवार: घाट आणि विजयदुर्ग

ज्यांना हाच प्रवास करायचा असेल त्यांच्यासाठी सांगते. कोल्हापूरहून गगनबावडा पंचावन्न किलोमीटर. कळे गावापर्यंत रस्ता चांगला आहे, पण साखर कारखान्यांचा हंगाम असेल तर उसाच्या बैलगाड्यांमागे रांगत जायची तयारी ठेवा. आम्ही रांगत गेलो आणि मला त्याचं काही वाटलं नाही. दोन्हीकडे गुऱ्हाळांचा धूर, काकवीचा वास, आणि गाडीच्या मागच्या सीटवर आत्या हातात लिंबू धरून ताठ बसलेल्या. शालूमावशीसाठी गुळाची एक ढेप मांडीवर. डिकीत ठेवूया म्हटलं तर "तिथं पेट्रोलचा वास लागतो" म्हणाल्या.

गगनबावड्याला चहा आणि गरम भजी घ्या. तिघांचं मिळून तीस रुपयांत झालं. पुढे करूळ घाट. कड्याच्या कडेला पहिलं वळण घेतलं की देश संपतो आणि खाली कोकण पसरलेलं दिसतं. वर कोरडी थंडी होती, पाच-सहा वळणांनंतर काचा खाली केल्या, आणि तळाशी पोचेपर्यंत स्वेटर मांडीवर आले होते. आत्यांचे यजमान, म्हणजे माझे सासरे, याच घाटरस्त्याच्या कामावर मुकादम होते. खालच्या मुलीचं स्थळ वर कसं आलं, त्याचं उत्तर हा रस्ता आहे.

"सासरी जाताना मी या वळणावर ओकले होते," आत्या म्हणाल्या.

"आनि आता लिंबू घेऊन बसलीयास," विलासराव आरशात बघून म्हणाले. "साठ वर्सांत एवढीच सुधारणा!"

वैभववाडी, तळेरे, मग हमरस्ता ओलांडून विजयदुर्गाचा फाटा. इथून पुढे सडा सुरू होतो. ज्यांनी कोकण म्हणजे फक्त नारळी-पोफळी असं कॅलेंडरवर पाहिलं आहे, त्यांनी सडा जरूर बघावा. मैलोन् मैल काळ्या-तांबड्या जांभ्याचं पठार, त्यावर पिवळं वाळकं गवत, मधेच दगड रचून घातलेले गडगे आणि त्यांच्या आत खडक फोडून, माती भरून वाढवलेली हापूसची कलमं. वारा सतत. आणि मग रस्ता अचानक खाली बुडी मारतो, झाडी येते, घरं येतात, खाडी येते. पुन्हा चढ, पुन्हा सडा. हा किनारा सरळ चालूच देत नाही. नकाशावर चार बोटांचं अंतर कापायला अर्धा दिवस जातो.

विजयदुर्ग दुपारी गाठला. किल्ल्याच्या तीन तटांच्या भिंती एकामागे एक उभ्या आहेत, आणि दरवाजा असा वळणात लपवला आहे की समोर जाईपर्यंत दिसत नाही. लाटा थेट तटाच्या पायाला येऊन आपटतात. चिऱ्यांची झीज झाली आहे, मधला चुना मात्र अजून घट्ट धरून आहे. तटावर चढून पश्चिमेला तोंड केलं की पुढे फक्त पाणी. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये इतिहास शिकवणाऱ्या सिस्टर नकाशावर छडी ठेवून "समुद्र आपली सीमा आहे" असं सांगायच्या. त्या तटावर उभं राहिल्यावर मला पहिल्यांदा वाटलं की इथल्या लोकांना समुद्र सीमा वाटलाच नसावा. त्यांच्यासाठी ते अंगण होतं.

आत्या किल्ला चढल्या नाहीत. दरवाजाजवळच्या मारुतीपाशी बसून राहिल्या. खाली आल्यावर मी विचारलं, "कंटाळलात का?"

"नाही गं. वास घेत होते."

संध्याकाळ व्हायच्या आत गिर्येला जाऊन आलो. तिथे खाडीच्या एका फाट्यात खडक कोरून केलेली जुनी गोदी आहे. आरमाराची गलबतं भरतीला आत घ्यायची आणि ओहोटीला दुरुस्त करायची. पाटी नव्हती, विचारत विचारत जावं लागलं. जवळच रामेश्वराचं देऊळ आहे. तिथे जायची वाट डोंगर कापून केलेली आहे. दोन्ही बाजूंनी खडकाच्या भिंती, मधून उतरत जाणारा थंड रस्ता, आणि शेवटी एकदम कौलारू मंडप. हे चुकवू नका.

मुक्कामाला किल्ल्याजवळ एका घरात खोली मिळाली, अडीचशे रुपये. जेवण वेगळं: सुरमईचं ताट साठ रुपये, सोलकढी हवी तितकी. विलासरावांनी सवयीनं "तिखट वाढवा की जरा" म्हटलं. घरच्या बाईंनी शांतपणे मिरच्यांची बशी पुढे ठेवली आणि म्हणाल्या, "कोल्हापूरचे ना? दरवर्षी येतात. मासा खातात आणि मटणाची आठवण काढतात."

शुक्रवार: पळालेलं गाव

सकाळी देवगड. दीपगृहाच्या टेकडीवरून एका बाजूला बंदर आणि दुसऱ्या बाजूला पवनचक्क्या दिसतात. मग दाभोळेमार्गे कुणकेश्वर. देऊळ अगदी वाळूवर, भरतीचं पाणी पायरीशी येतं. तिथून दक्षिणेला किनाऱ्याकिनाऱ्यानं रस्ता जातो. अरुंद आहे, खड्डे आहेत, समोरून एस. टी. आली तर कुणालातरी मागे जावं लागतं, पण प्रत्येक वळणावर समुद्र नव्या कोनातून दिसतो. काळे कडे थेट पाण्यात उतरलेले, त्यांच्या बेचक्यात हातरुमालाएवढी वाळूची पुळण, आणि तिच्यावर माणूस नाही.

मिठबावच्या पुढे आत्या वाट सांगायला लागल्या. "त्या उंडीच्या झाडाकडून डावीकडे." उंडी नव्हती, तिच्या जागी मोबाइलच्या कंपनीची जाहिरात रंगवलेली भिंत होती, पण वळण बरोबर निघालं. गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. का ते पुढे कळेल.

दुपारी गावात शिरलो. विलासरावांनी लांबूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली. कोल्हापुरात आपण आलो हे कळवायची तीच पद्धत आहे. घरं दोन्हीकडे मागे पडत होती, स्वच्छ झाडलेली अंगणं, प्रत्येक अंगणात तुळस. शालूमावशीच्या घरासमोर गाडी थांबली. चिऱ्याच्या भिंती, कौलं, चार पायऱ्या, वर पडवी आणि पडवीपलीकडे उंबरा. गाडीच्या खिडकीतून तो स्पष्ट दिसत होता. दाराला बाहेरून कडी होती.

विलासरावांनी आणखी दोनदा हॉर्न दिला. "मावशीऽ! आलोय न्हवं आम्ही!"

काहीच नाही. मग मला जाणवलं की कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. कोंबडी नाही, गुराची घंटा नाही, कुठून भांड्याचा आवाज नाही. दुपारची वेळ आणि एकाही कौलातून धूर नाही. लाटांचा आवाज तेवढा येत होता आणि तो फार जवळ वाटत होता.

मी दार उघडून पाय खाली टाकणार, तोच मागून आत्यांचा आवाज आला. इतकी वर्षं त्यांच्यासोबत काढली, पण तो आवाज मी ऐकला नव्हता.

"पाय ठेवू नको खाली. विलास, गाडी फिरव."

"आँ? आये, घर हे काय समोर. उतर की!"

"फिरव म्हणते ना. गाव पळालाय."

परत वेशीबाहेर येईपर्यंत त्यांनी थोडक्यात सांगितलं. या भागातल्या काही गावांत गावपळणाची चाल आहे. चार-पाच वर्षांनी ग्रामदेवाचा कौल झाला की सारं गाव घरदार सोडून वेशीबाहेर जातं. गुरं, कोंबड्या, मांजरं, कुत्री, तान्ही मुलं, अंथरुणातले म्हातारे, कुणीही मागे राहत नाही. तीन दिवस तीन रात्री गाव रिकामं. दाराला नुसती कडी, चोरी होत नाही. त्या दिवसांत गाव भुतांना दिलेलं असतं, असं जुनी माणसं सांगतात. हवा, पाणी, जमीन यांना विश्रांती मिळते, असं शाळेचे मास्तर सांगतात. चौथ्या दिवशी सकाळी देवाला पुन्हा कौल लावायचा. देवानं हुकूम दिला तर परत, नाही तर आणखी एक दिवस बाहेर.

"आणि तुम्हाला हे ठाऊक असून आपण फोन का वाजवत बसलो?" मी विचारलं.

"यंदा आहे हे कुठे ठाऊक होतं? देव ठरवतो. मी लग्नानंतर एकही पळण बघितली नाही."

वेशीचा ओढा ओलांडून सड्याच्या चढाला लागलो आणि माळावर एक गावच उभं दिसलं. नारळाच्या झापांच्या, काठ्यांच्या, साड्यांच्या खोपी. चुली पेटलेल्या, गुरं बांधलेली, मुलं पतंगासारखी इकडून तिकडे. गाडी दिसताच पहिली हाक आली एका दाढी वाढलेल्या म्हाताऱ्याची. ते गावचे मानकरी, सगळे त्यांना दाजी म्हणत होते.

"कोण रे तो हॉर्न मारणारो? आमका वाटला, यंदा भुतांनी पण गाडी घेतल्यानी!"

सगळा माळ हसला. विलासराव उतरले, गोरेमोरे होऊन नमस्कार केला आणि चूक झाली म्हणाले. दाजींनी गाडीकडे बघून विचार केला. "कोण खाली उतरला काय?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "आत्यांनी उतरू दिलं नाही."

"मगे चाकां गेली, पाय नाय लागले. चलता." मग त्यांनी वाकून मागच्या खिडकीतून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "चंद्री मां तू?"

आमच्या घरी आत्यांचं नाव सुलोचना. चंद्री हे नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

त्यानंतरचा अर्धा तास मला नीट सांगता येणार नाही, कारण मालवणी मला निम्मीच कळते आणि सगळे एकदम बोलत होते. शालूमावशी कुठल्याशा खोपीतून हातातलं उलथनं घेऊनच धावत आली.

"गे बाये! आत्ताच येवक गावला तुका? इतकी वर्सां खय मेली होतंस?"

"तुका फोन केलो. उचललंस खय?"

"फोन काय पाठीक बांधून आणू?"

असं भांडत दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. गुळाची ढेप मध्ये होती, ती तशीच चेपली गेली.

त्या माळावर मी जे पाहिलं, ते एरवी गावात गेलो असतो तर दिसलं नसतं. कोकणातली घरं लांब लांब. वरची वाडी, खालची वाडी, खाडीपलीकडची वाडी. आत्या दोन दिवस मावशीच्या पडवीत बसल्या असत्या आणि फार तर चार शेजारणी भेटून गेल्या असत्या. इथे अख्खं गाव एका माळावर होतं. ज्या मुलींबरोबर त्या कालवं काढायला खडकांवर जायच्या, त्यांतल्या तिघी जिवंत होत्या आणि तिघीही हाकेच्या अंतरावर. कुणाच्या दारात जायचं नाही, कारण दारच नाही. एका चुलीवर भात, दुसरीवर सुकटीचं कालवण, तिसरीवर चहा. कुणी कुणाचं खातंय याचा हिशेब नाही. एक दात नसलेली आजी आत्यांना म्हणाली, "तू माजो बोरांचो डबो घेऊन घाटार पळालंस," आणि आत्या, आमच्या गंभीर आत्या, तोंडाला पदर लावून हसत सुटल्या.

मला आमचं कॉन्व्हेंट आठवलं. वर्षातून तीन दिवस तिथे रिट्रीट असायचं. बोलायचं नाही, खेळायचं नाही, रोजचं काहीच करायचं नाही. आम्हा मुलींना ती शिक्षा वाटायची. तीन दिवसांनी घंटा झाली की नळाचं पाणीसुद्धा नवं वाटायचं. सिस्टर म्हणायच्या, "जे रोज हातात असतं, ते अधूनमधून खाली ठेवायला शिका." त्याच गोष्टीचा इथे गुरांसकट गाव बांधून केलेला सोहळा होता.

पळणीचा तो तिसरा दिवस होता. सूर्य समुद्रात उतरला तेव्हा माळावरून खाली गाव दिसत होतं. एकही दिवा नाही. आत्या शालूमावशीचा हात धरून त्या अंधारात जाणाऱ्या कौलांकडे बघत होत्या. "उद्या कौल झाला की आधी उंबऱ्यावर जाऊन बसेन," म्हणाल्या. "मग निघू."

शनिवार: कौल

सकाळी दाजी, गुरव आणि आणखी चार मानकरी तेवढे देवळात कौल लावायला गेले. बाकी गाव वेशीवर उभं. बायकांनी बोचकी बांधून ठेवली होती, मुलांनी कोंबड्या काखेत घेतल्या होत्या. विलासराव घड्याळ बघत होते. अकरापर्यंत निघालो तर संध्याकाळी कोल्हापूर, उद्या सकाळी वडगाव.

मंडळी परत आली तेव्हा चेहऱ्यांवरूनच कळलं. दाजी मोठ्यानं म्हणाले, "देवान हुकूम देवक नाय. आजचो दिस ऱ्हवाचा लागतला."

कुणी कुरकुरलं, कुणी हसलं. बोचकी सुटली. पाच मिनिटांत चुली पुन्हा पेटल्या. विलासराव मात्र हबकले. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"असं करूया. गाडी हाय. पाच मिन्टात आत जातो, आये उंबऱ्यावर बसती, डोळं भरून समुद्र बघती, आनि तसंच पुढं कोल्हापूर. कोन बघतंय?"

खरं सांगते, मलाही ते पटलं. ऐंशी वर्षांची बाई. पुन्हा घाट उतरणार कधी? शिमग्यानंतर त्या घरात कुणी नसणार. एवढ्या लांब येऊन दार दिसलं आणि उंबरा नाही, हे मला सोसवत नव्हतं. मी स्वतः दाजींकडे गेले आणि सरळ विचारलं.

दाजी रागावले नाहीत. विडी विझवून म्हणाले, "जावा. कोण आडयता तुमका? रस्तो सरकारचो. पावण्यांका गाव कधी बंद नसता. भायरची माणसा पळणीत गावातसून जातत, देव तेंका काय करणा नाय." मग आत्यांकडे वळले. "पण गावचा माणूस आज आत जायत नाय, चंद्रे. तू जाशीत तर पावणी म्हणान जाशीत. तुजा तू बघ."

आत्या दगडावर बसल्या होत्या. त्यांनी विलासरावांकडे पाहिलं, मग खाली कौलांकडे.

मला कळत होतं त्या काय तोलत होत्या. आमच्याकडे येऊन साठ वर्षं झाली तरी भावकीतल्या म्हाताऱ्या बायका त्यांना "कोकणातली" म्हणतात. आणि माहेरी आल्या की चहाचा कप ट्रेमध्ये येतो. काल पहिल्यांदा कुणी ट्रे शोधला नव्हता. शालूमावशीनं त्यांच्या हातात सरळ विळी दिली होती.

"विलास," त्या म्हणाल्या, "तू जा लग्नाला. मी गावाबरोबर जाईन."

"अगं पन उद्याबी कौल न्हाई झाला तर?"

"तर परवा."

"आनि परवा न्हाई झाला तर?"

"तर मग देवाला विचार. मला काय विचारतोस?"

विलासराव माझ्याकडे वळले. मी म्हटलं, "तुम्ही एस. टी.नं जा. गाडी इथेच राहू दे. आत्यांना घेऊन मी येईन."

"तू? घाट? आयला, तू राजारामपुरी सोडून कधी गाडी न्हेलीस?"

"घाटात वळणं असतात, राजारामपुरीत रिक्षा असतात. वळणं निदान एका जागी थांबतात."

माळावर पुन्हा हशा झाला. दाजींनी त्यांना गाडीत घालून फाट्यापर्यंत सोडायला मला पाठवलं. एस. टी.त चढताना विलासराव खिडकीतून ओरडत होते, "उतारावर ब्रेक नको, गिअर! चढावर तर क्लच..." आणि गाडी हलली.

रविवार: धूर

दुसऱ्या सकाळी कौल झाला. देवळातून आधी ढोल ऐकू आला, मग माळावरून एकच आरोळी उठली. पुढे ढोल, मागे मानकरी, मग गुरं, मग आम्ही. ओढा ओलांडताना आत्यांनी चप्पल काढून हातात घेतली. चालायला त्यांना काठी लागते. त्या दिवशी काठी माझ्या हातात होती आणि त्या शालूमावशीच्या खांद्यावर हात ठेवून चालत होत्या. लोक आपापल्या घरांकडे वळत गेले. आमच्यापुरत्या आम्ही तिघी उरलो.

मावशीनं कडी काढली आणि बाजूला झाली. "मोठी तू. आधी तू जा."

मी कॅमेरा तयार ठेवला होता. आत्या उंबऱ्यावर बसतील, समोर समुद्र बघतील, तो फोटो मला हवा होता. मी मागे वळून पाहिलंसुद्धा: दोन माडांच्या मधून खरंच निळी पट्टी दिसत होती.

आत्यांनी उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि आत गेल्या. मी वाट बघत राहिले. आतून केरसुणीचा आवाज आला. मग "शाले, काडेपेटी खय?" मग मला हाक, "उभी काय राहिलीस? विहिरीवरून पाणी आण." चार दिवसांच्या बंद घराला पाली, मुंग्या, धूळ, करायला काय कमी असतं? मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि कळशी उचलली. विहिरीपाशी येऊन सहज वर पाहिलं तर गावातल्या साऱ्या कौलांतून एकाच वेळी धूर निघत होता. आमच्याही. तो आत्यांनी पेटवलेल्या चुलीचा होता.

सोमवारी सकाळी निघेपर्यंत त्या घरात नुसत्या राबत होत्या. तांदूळ निवडले, पडवी सारवली, शालूमावशीशी दोनदा भांडल्या.

घाट मी चढवला. पहिल्या गिअरमध्ये, कधी दुसऱ्या. एका ट्रकवाल्यानं वाट देऊन हात केला, मीही केला. वर गगनबावड्याला चहासाठी थांबलो तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं.

"आत्या! तुम्ही उंबऱ्यावर बसलाच नाहीत!"

त्यांनी बशीत चहा ओतला. "खरंच की," एवढंच म्हणाल्या आणि फुंकर मारून प्यायला लागल्या.

घरी

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. जायचं असेल तर जरूर जा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, तिघांचा खर्च पेट्रोलसकट दोन हजारांच्या आत बसतो, किनाऱ्याच्या रस्त्यावर घाई करू नका. वाटेत एखादं गाव अगदीच गप्प दिसलं, तर हॉर्न न वाजवता पुढे निघून जा. पळण बघायला म्हणून मात्र कुणी जाऊ नये, म्हणून नाव लिहिलं नाही. ते त्यांचं आपापसातलं आहे.

शिमग्यानंतर शालूमावशी मुंबईला गेली. घराला कुलूप आहे. मला वाटलं होतं त्या दिवशी आत्या रडतील. त्यांनी फोनवर बहिणीला फक्त विचारलं, "चुलीतली राख काढलीस ना?"

माझ्याकडे उंबऱ्यावरचा फोटो नाही, याची मला सुरुवातीला चुटपुट लागली होती. आता नाही. आम्ही परतलो त्या दिवशी विलासराव दारातच उभे होते. आधी त्यांनी गाडीला चारी बाजूंनी चक्कर मारून कुठे ओरखडा आहे का पाहिलं. मग आईच्या हातातली पिशवी घेतली.

"काय आये, बसलीस का न्हाई शेवटी उंबऱ्यावर?"

आत्या चप्पल काढत होत्या. तीन दिवस मालवणीत बोललेल्या त्या बाईनं अस्सल कोल्हापुरीत उत्तर दिलं.

"बसाय काय मी पावणी हुते व्हय? कामं पडलीती घरात."

आणि पदर खोचून सरळ स्वयंपाकघरात गेल्या.